नॉर्मन परत वर आला

जिल्हा रुग्णालय, वॉर्ड सात
गुरुवार, १८ जानेवारी १९९६

प्रिय ब्रायनी,

तुला, कॉलिनला आणि दोन्ही पोरांना माझी खूप माया.

मंगळवारी तू येऊन गेलीस असं नर्सने सांगितलं. ऑपरेशननंतर मी गुंगीत होतो, मला काही कळलं नाही. उठलो तेव्हा उशाशी तू ठेवलेली संत्री दिसली. इतक्या लांबून, प्लिमथहून, तू एका दिवसात आलीस आणि त्यात माझ्यासाठी संत्रीही आणलीस. काय बोलू.

माझं ठीक चाललंय. पाय दोन ठिकाणी मोडला होता, आत लोखंडी पट्टी बसवलीये. डाव्या पायाची दोन बोटं काळी पडलीत, ती ठेवायची की नाही ते सोमवारी ठरेल. सदुसष्टाव्या वर्षी मला काही टपाल वाटायचं नाहीये, तेव्हा दोन बोटांनी फारसं बिघडत नाही. जेवण बेताचं, पण कस्टर्ड बरं असतं. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ दिवसभर रेडिओवर घोड्यांच्या शर्यती ऐकतात आणि हरलेल्या घोड्यांना शिव्या घालतात.

तुला सगळं नीट कळायला हवं, म्हणून लिहितो. दर जानेवारीसारखे तुझे बाबा आणि मी शनिवारी कोल्डसाइडच्या माळावर पोचलो. गाडी डोरीनच्या शेतघराच्या फाटकाशी लावली. सांजेला वरच्या लव्हाळ्यात मुक्कामाला येणारे भोवते, ते शिकारी पक्षी, मोजले. तीन आले, दोन माद्या आणि एक राखाडी नर. रात्री पबच्या माडीवर झोपलो. रविवारी सकाळी हवा स्वच्छ होती, म्हणून कुंपणाच्या भिंतीच्या कडेने वर चढलो. बाराच्या सुमारास बर्फाखालच्या घळीत माझा पाय गेला आणि मोडला. नॉर्मन मदत आणायला खाली गेला. मग हिमवादळ सुरू झालं. वाटेत ते पाहून तो माझ्यासाठी माघारी फिरला असावा. मी तोवर बेशुद्ध झालो होतो. बचाव तुकडीने उठवलं तेव्हा त्याचा कोट माझ्या अंगावर होता. याहून जास्त मला ठाऊक नाही. पोलिसांनाही हेच लिहून दिलंय.

शेवटपर्यंत तो अगदी नेहमीसारखा होता, एवढं समाधान मान.

पुढच्या शुक्रवारी त्याच्या अंत्यप्रार्थनेला मला चाकाच्या खुर्चीतून येऊ देतील असं डॉक्टर म्हणतात. पोरांना थंडीत फार बाहेर काढू नकोस.

तुझा,
विल्फकाका


जिल्हा रुग्णालय, वॉर्ड सात
सोमवार, २२ जानेवारी

प्रिय ब्रायनी,

तुझं पत्र सकाळी आलं. चार वेळा वाचलं. नर्सने विचारलं, "घरून वाईट बातमी आहे का?" मी म्हटलं, "नाही, फार चांगलं पत्र आहे." तेच तर सोसत नाहीये.

तू लिहितेस की बाबांनी स्वतःचा कोट काढून मित्राच्या अंगावर घातला हे तू पोरांना सांगितलंस, आणि धाकटी तेव्हापासून शाळेत सगळ्यांना सांगत सुटलीये. लिहितेस की शुक्रवारी चर्चमध्ये मी बोलावं, कारण शेवटी त्यांच्याजवळ मी होतो. आणि खाली, वेगळ्या शाईने, नंतर सुचल्यासारखं लिहिलंयस, "डोरीनबाई म्हणतात, बाबा त्यांच्या स्वयंपाकघरात वीस मिनिटं बसले, चहा प्यायले, आणि तुम्ही वर पडलाय हे एका शब्दाने बोलले नाहीत. असं कसं होईल? विल्फकाका, तुम्हाला काही जाणवलं होतं का? खरं सांगा."

सांगतो. पूर्ण वाच, मग काय करायचं ते कर.

जाणवलं होतं. दीड वर्षापासून.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात त्याने मला सलग तीन शनिवारी एकच गोष्ट सांगितली, तीही प्रत्येक वेळी पहिल्यांदा सांगतोय अशा उत्साहाने. मग गावातल्या पाण्याच्या टाकीशेजारच्या रस्त्यावर, जिथे तो चाळीस वर्षं सुतारकामाचं दुकान चालवत होता, तिथे उभा राहून मला म्हणाला, "आता डावीकडे की उजवीकडे रे?" मी हसलो. तोही हसला. माझं हसू खोटं होतं, त्याचं कसं होतं ते मला रविवारपर्यंत कळलं नव्हतं.

सप्टेंबरमध्ये तू फोन केला होतास. आठवतंय? "काका, फोनवर बाबा मला गोंधळलेले वाटतात. तुम्ही दर आठवड्याला भेटता. तुम्हाला काय वाटतं?" मी स्वयंपाकघरात उभा होतो. केटलीला उकळी येत होती. मी म्हटलं, "ठणठणीत आहे ग तुझा बाप. कान जरा जड झालेत, एवढंच. डोंगरावर अजून मला मागे टाकतो." तू म्हणालीस, "हुश्श." तो हुश्श मला अजून ऐकू येतो.

का केलं असं? त्याची अब्रू राखण्यासाठी, असं मी स्वतःला पटवलं होतं. जबानी घेताना पोलिसाने विचारलं असतं तर त्यालाही तेच सांगितलं असतं. खरं कारण एवढंच की तुझी इडिथकाकू गेली तेव्हापासून सोमवार ते शुक्रवार मी शनिवारची वाट बघत जगतो. तुला कळलं असतं तर तू त्याला प्लिमथला नेलं असतंस, आणि ते बरोबरच झालं असतं. मग मी त्या घरात, त्या केटलीसमोर. एवढंच. माझ्या शनिवारांसाठी मी तुझ्याशी खोटं बोललो.

शनिवारी संध्याकाळीच मला परतायला हवं होतं. आम्ही भिंतीच्या आडोशाला बसलो होतो, फळांचा केक आणि चीज खात. भोवत्याचा राखाडी नर माळावरून तरंगत आला, पंख वर धरून, अगदी खालून. ज्या माणसाने मला तीस वर्षांपूर्वी तो पक्षी दाखवला, ज्याच्यामुळे मला भोवत्या आणि ससाणा यांतला फरक कळला, तो दुर्बीण लावून म्हणाला, "कुरव आलाय बघ. समुद्रावर वादळ असणार."

मी म्हटलं, "हो. असेल."

त्याच्या वहीत त्याने समुद्रावरचा कुरव लिहिला. त्याच्याआधी एकाखाली एक तीनदा लिहिलं होतं, "शनिवार, वायव्येचा वारा." माझ्या वहीत मी भोवत्या लिहिला आणि वही पटकन मिटली, त्याला दिसू नये म्हणून.

रविवार खरंच सुंदर उजाडला होता. तो पुढे चालत होता, शिट्टी वाजवत. बर्फात पांढऱ्या भारिट पक्ष्यांचा एक थवा उडाला, वीसेक असतील, आणि ते त्याने अचूक ओळखले. मला इतका आनंद झाला की मी आपल्याच तंद्रीत भिंत सोडून त्यांच्या मागे चार पावलं गेलो. तिथे पाय गेला. मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

नॉर्मन धावत आला. हात अगदी स्थिर होते त्याचे. माझी काठी आणि त्याचा मफलर घेऊन त्याने पाय असा बांधला की इथला डॉक्टरही म्हणाला, कोणा जाणत्याने बांधलाय. मग मला खांद्याखाली धरून ओढत भिंतीच्या आडोशाला आणलं. वर म्हणाला, "टपालवाल्या, आयुष्यभर लोकांच्या कुत्र्यांपासून पाय वाचवलेस आणि इथे घालवलास?"

खाली डोरीनचं घर तासाभराच्या चालीवर. भिंत थेट तिच्या फाटकाशी उतरते, चुकायचा प्रश्न नाही. कुणीतरी जायला हवं होतं आणि जाऊ शकणारा एकच होता. मी वहीचं पान फाडून लिहिलं, "विल्फचा पाय मोडलाय. वरच्या भिंतीशी, दुसऱ्या फाटकाच्या वर. बचाव तुकडीला फोन कर."

मलमपट्टीच्या डब्यात दोन पिना होत्या. माझ्या हातात डबा होता, ब्रायनी. ती चिठ्ठी त्याच्या छातीवर टाचायची, एवढंच काम होतं. डोरीनने दारातच वाचली असती.

पण लहान पोराच्या अंगावर टाचतात तशी टाचायची म्हणजे त्याला सांगायचं की मला माहीत आहे. मला ते जमेना. मी चिठ्ठी घडी करून त्याच्या हातात दिली. म्हटलं, "ही डोरीनला दे."

त्याने माझ्याकडे बघितलं. "चिठ्ठी कशाला? मला तोंड नाही का?"

"अरे, पोस्टमनची खोड. हातात काहीतरी दिल्याशिवाय माणसाला पाठवता येत नाही मला."

तो हसला, चिठ्ठी कोटाच्या खिशात घातली आणि भिंतीला हात लावून निघाला. शुक्रवारी नर्सने मला त्या खिशातल्या वस्तूंची पिशवी दिली. घडी उघडलेली नव्हती.

पुढचं डोरीनकडून कळलं. शनिवारी ती मला बघायला आली होती, तुझ्याशी बोलली त्याच्या दुसऱ्या दिवशी. एकच्या सुमाराला तो दारात आला, लाल नाक, खुशीत. "ये, नॉर्मन, चहा टाकते," ती म्हणाली. तो बसला, स्कोन खाल्ला, भारिटांचं सांगितलं. तिने विचारलं, "आणि विल्फ कुठाय?" तर म्हणाला, "येतोय मागून. हल्ली हळू चालतो बिचारा." बाहेर बर्फ पडायला लागला होता. मग त्याने एकदम कप खाली ठेवला, उठला आणि खोलीभर काहीतरी शोधल्यासारखं बघू लागला. म्हणाला, "डोरीन, माझं काहीतरी वर राहिलंय." तिला वाटलं दुर्बीण. ती म्हणाली, "राहू दे रे, उद्या आण." पण तो गेला. तिला वाटलं, वाटेत विल्फ भेटेलच, दोघं मिळून येतील. गाडी जागची हलली नाही हे तिने दूध काढून झाल्यावर पाहिलं, तेव्हा अंधारलं होतं. तिने तेव्हा फोन केला. ती माझ्या खाटेशी बसून रडली, मी थांबवलं नसतं तर माफी मागितली असती तिने. माझी. आणि मी तिलाही काही बोललो नाही.

आता मी तुला पहिल्या पत्रात जे लिहिलं त्याच्याकडे येतो.

मी बेशुद्ध नव्हतो.

तीनला दहा कमी होते, मी घड्याळ बघितलं होतं. बर्फाच्या पडद्यातून भिंतीकडेने एक आकृती येताना दिसली आणि मी मोठ्याने रडलो, की आले, आले एकदाचे. मग तो जवळ आला. एकटा.

"लोक कुठायत?" मी विचारलं.

"कुठले लोक?"

"बचाववाले! डोरीनला सांगितलंस ना?"

त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी लिहू शकत नाही. म्हणाला, "अरे, तू इथं काय करतोयस?" आणि मग माझ्या पायाकडे बघितलं. स्वतःच बांधलेल्या पायाकडे.

मी त्याला शिव्या दिल्या. सगळं ओरडलो. "तुझं डोकं कामातून गेलंय, नॉर्मन! दीड वर्ष झालं! काल भोवत्याला कुरव म्हणालास तू! तुला काही आठवत नाही, कुणी काही सांगितलं तर राहत नाही, आणि आता तुझ्यापायी मी मरणार इथे!" माझा सगळ्यात जुना मित्र, माझ्यासाठी दोनदा तो डोंगर चढलेला, दाढीत बर्फ, आणि मी त्याला हे बोललो.

तो गुडघ्यांवर बसला. मग अगदी शांतपणे, अगदी पूर्वीच्या नॉर्मनसारखा, म्हणाला, "माहीत आहे मला. ईस्टरपासून डॉक्टरकडे जातोय. तुला कळू नये म्हणून किती धडपडलो रे मी. मला वाटायचं, कळलं तर तू मला न्यायचं बंद करशील."

दोघंही एकमेकांपासून तेच लपवत होतो, ब्रायनी. तेही एकाच कारणासाठी.

मग म्हणाला, "ब्रायनीला सांगायला हवं होतं. ती रागावेल." आणि थोड्या वेळाने, "चिठ्ठी दे परत. या वेळी छातीवर लाव. मी जातो."

अजून दीड तास उजेड होता. भिंत तिथेच होती. दोनदा त्याच्या पायांनी तो रस्ता बरोबर काढला होता, तिसऱ्यांदाही काढला असता. तो चालत राहिला असता तर उबेत राहिला असता. खाली डोरीनची शेगडी होती. आज तो जिवंत असता, आणि बहुधा मीही.

मी त्याची बाही धरली. म्हटलं, "नको. बर्फ फार आहे. तू हरवशील." ऐकायला काळजी वाटते ना? त्याला पण वाटली. पण मी तीन तास तिथे एकटा पडून होतो आणि पुन्हा एकटं पडायची माझी हिंमत नव्हती. खरं ते एवढंच. "बस माझ्याजवळ," मी म्हटलं. तो बसला.

कोट त्याने चारच्या आसपास काढला. माझे दात वाजत होते. "तुला याची जास्त गरज आहे," म्हणाला आणि बटणं सोडायला लागला. खाली नुसता स्वेटर होता, तोही ओला. मी डोळे उघडे ठेवून बघत होतो. त्याचा अर्थ मला कळत होता. "नको" हा शब्द माझ्या तोंडात आला होता, तो मी गिळला. कोट अंगावर पडला तेव्हा त्याच्या अंगाची ऊब त्यात होती, आणि मी तो दोन्ही हातांनी हनुवटीपर्यंत ओढून घेतला. नंतर त्याचं थरथरणं थांबलं. थरथरणं थांबतं म्हणजे काय, हे डोंगरावर फिरणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. तेव्हा तरी मी कोट परत द्यायला हवा होता. नाही दिला.

शेवटचं एक. अंधार पडता पडता तो एकदम उठायला लागला. "साडेतीन वाजून गेले," म्हणाला. "ब्रायनी शाळेच्या फाटकाशी उभी असेल. बर्फ पडतोय. मी निघतो." पाय त्याला साथ देत नव्हते, तरी भिंत धरून उठू बघत होता. मी म्हटलं, "नॉर्मन, ती घरी पोचली. मीच आणलं तिला. चुलीशी बसलीये, टोस्ट खातेय."

"मोजे ओले झाले का तिचे?"

"बदलले."

"हां, मग बरं," तो म्हणाला, आणि माझ्या खांद्याला टेकून बसला. त्यानंतर तो बोलला नाही. सातच्या सुमारास बचाव तुकडीच्या कुत्र्यांचा आवाज आला.

दीड वर्षात मी जेवढं खोटं बोललो त्यातल्या तेवढ्या एकाची मला लाज वाटत नाही.

आज दुपारी नर्सला सांगून मी फोनची ढकलगाडी खाटेशी आणवली आणि मृत्यू-चौकशीच्या अधिकाऱ्यांना फोन केला. म्हटलं, माझी जबानी खोटी आहे, नवी घ्या. उद्या दहाला ते येताहेत. हे तुला लिहिण्याआधी केलं, म्हणजे तू मला क्षमा केलीस किंवा नाही केलीस तरी मला त्यातून मागे फिरता येऊ नये. मार्चमध्ये चौकशी होईल. तिथे हे सगळं मोठ्याने वाचलं जाईल, आणि तुझ्या बाबांचा आजार वर्तमानपत्रात येईल. त्याबद्दलही मला माफ करता आलं तर बघ.

बोटं आज सकाळी काढली. दुखत नाही.

चर्चमध्ये मी बोलणार नाही. डोरीनला सांग, ती चांगलं बोलेल, तिच्या घरी तो शेवटचा हसला. तू पोरांना जे सांगितलंस ते मात्र खरं आहे, त्यातला शब्दही बदलू नकोस. त्यांच्या आजोबांनी स्वतःचा कोट काढून दिला. ज्याला दिला तो कसा होता, हे पोरांना आत्ताच कळायची गरज नाही. पण तुझ्यापासून ते मी आता लपवणार नाही.

शुक्रवारी खुर्ची ढकलायला एक वॉर्डबॉय मिळणार आहे. तू "येऊ नका" असं वॉर्डात कळवलंस तर मी येणार नाही, आणि कुणाला कारणही सांगणार नाही. काहीच कळवलं नाहीस तर मी शेवटच्या रांगेच्या मागे, दाराशी असेन. माझ्याशी बोलायची गरज नाही. माझ्याकडे बघायचीही नाही.

तू सात वर्षांची असताना मला पहिल्यांदा काका म्हणालीस. ते नाव मी आज खाली लिहीत नाही. पुन्हा लिहायचं की नाही, ते तू सांगशील तसं.

विल्फ डिन्सडेल